नळीवरचा नारळ

केडगाव, नगर
संक्रांत, १९७२

चि. मच्छिंद्र भाऊजी यांस,
वहिनीचा तिळगूळ आणि आशीर्वाद.

तिळगूळ पाकिटात घातला तर टपालातल्या मुंग्याच गोड बोलायला लागतील, म्हणून नुसते शब्द पाठवते आहे. सुरुवात कशी करावी या विचारात अर्धी सकाळ गेली. ‘येथील सर्व कुशल’ लिहावं तर ते खोटं होईल, आणि खोटंच लिहायचं तर तिकीट कशाला वाया घालवायचं? दोन संक्रांती तुमच्यावाचून गेल्या. तुमचा राग दादांवर आहे, मग माझं काय चुकलं? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही चौथीत होता, नाकाला शेंबूड आणि हातात गोफण. सासूबाई नव्हत्या. तुमची भाकरी मी थापली, तुमच्या मास्तरांशी मी भांडले, आणि पुण्याला कॉलेजात निघालात तेव्हा तुमची पेटी मी भरली. एवढं करून साधं पोस्टकार्ड नाही. मोठे साहेब झालात, वहिनीला विसरलात. असं लिहिलं की तुम्ही चिडाल आणि उत्तर द्याल, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दादांना या पत्राची खबर नाही. त्यांच्यासमोर तुमचं नाव निघालं की घास तोंडात तसाच राहतो. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणतात, “परक्यानं नापास केलं असतं तर इसरलो असतो. सख्ख्या भावानं केलं.”

आता बातमी. ज्या कामावरून तुम्हा दोघांचं फाटलं, ते काम आपल्या कारखान्याला मिळालं. सरकारच्या अग्निबाणाची नळी आता केडगावात, आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये होते आहे. तुमच्या खात्यानं पहिल्यांदा नमुना मागवला होता तेव्हा तपासायला नेमके तुम्हीच होता. उसाच्या रसाच्या कढया करणाऱ्यांचं हे काम नव्हे, असा शेरा मारून तुम्ही तो परत पाठवलात. त्या दिवाळीला घरी आलात तेव्हा ओसरीवर तुमची जुंपली. तुम्ही म्हणालात, “दादा, अग्निबाण सरकारनं स्वतःच्या छपराखाली करावा. खाजगी माणसाचा एक डोळा कामावर असतो, दुसरा पुढच्या ऑर्डरीवर.” दादा म्हणाले, “आन् सरकारचे दोन्ही डोळे तारखेवर! सरकार कागद करतंय रं, भांडी आमीच करतो.” मी आत करंज्या तळत होते. मला तेव्हाही दोघांचंच खरं वाटलं, आणि तुम्ही न जेवता उठून गेलात तेव्हा दोघांचाही संताप आला.

आता तुमच्या खात्याचे मोहोळकर साहेब महिन्यातून एकदा तपासणीला येतात. दादा त्यांना उतरायला वरची खोली देतात आणि मी भरल्या वांग्याची भाजी देते. साहेबांना ती फार आवडते. माणूस वाईट नाही. हळू बोलतो, चप्पल ओळीत काढून ठेवतो.

तुमचा घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून कचेरीच्या पत्त्यावर टाकते आहे. पाकीट कारखान्याचं आहे, वर ‘कानिफनाथ इंजिनिअरिंग’ छापलेलं. घरात दुसरं नव्हतं. ते नाव बघून फेकून देऊ नका.

तुमची,
चांगुणावहिनी


केडगाव
३० जानेवारी

चि. मच्छिंद्र भाऊजी,

उत्तर आलं नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे मला ठाऊक आहे, पण तुम्ही सरकारी होण्याआधी माझे दीर आहात.

नळी पुरी झाली. मी रोज डबा घेऊन शेडमध्ये जाते, तिला वाढताना बघत होते. एवढी लांब आणि एवढी हलकी! आपल्या श्रीगोंद्याच्या साखर कारखान्याला कढया जातात त्यांचा पत्रा अंगठ्याएवढा जाड असतो. हिचा पत्रा पाटीपेन्सिलीहूनही बारीक. कृपादान वेल्डर, तोच तुमच्या वर्गातला, पंधरवडाभर तिचा सांधा जोडत होता. त्यानं नाताळही शेडमध्येच केला. मी त्याला विचारलं, यात दारू भरायची म्हणजे नेमकी किती? तर म्हणाला, “वयनी, प्यायची असती तर सांगता आलं असतं.”

परवा मोहोळकर साहेबांनी नळीत पाणी भरून, दाब देऊन तपासणी केली. नळी टिकली. तिच्यावर सरकारचा शिक्का पडला तेव्हा दादांचे डोळे भरून आले. मला वाटतं, त्या वेळी तुम्ही तिथे असायला हवं होतं असं त्यांना वाटलं असावं. शिक्क्यावरून बोट फिरवत म्हणाले, “आता कोन म्हनंल नापास?”

मग आपल्या रीतीप्रमाणे नारळ. तुम्हाला आठवतं ना, मामंजींच्या वेळेपासूनची रीत? नवं भांडं कारखान्याबाहेर जाण्याआधी त्याच्यावरच नारळ ठेवायचा आणि पाहुण्यानं हातोड्यानं फोडायचा. भांड्याचा आवाज घुमला की म्हणायचं, भांडं बोललं, गळीत चांगलं जाणार. लहानपणी तुम्ही कान कढईला लावून बसायचात आणि मामंजी ओरडायचे.

पाहुणे म्हणून मोहोळकर साहेबच होते. सगळे कामगार जमले, मी नळीला हळदकुंकू लावलं. साहेबांच्या हातात हातोडा दिला तेव्हा ते जरा घुटमळले. विचारलं, “इथेच फोडायचा? खाली दगडावर नको?” दादा हसून म्हणाले, “न्हाई साहेब, भांड्यावरच. आमची रीत हाय ती.” सगळे बघत होते. साहेबांनी नाही म्हटलं नाही. पहिल्या घावात नारळ फुटला नाही, दुसऱ्यात फुटला. टाळ्या झाल्या. नळी काही घुमली नाही. कुणीतरी म्हणालं, सरकारी भांडं आहे, वरून हुकूम आल्यावर बोलेल. सगळे हसले.

फोडणाऱ्याची एक वाटी असते. साहेब घाईनं वर खोलीत गेले, वाटी घ्यायची राहिली. मी ती देव्हाऱ्यामागे जपून ठेवली आहे.

आणखी काय लिहू? काही नाही. तुमची तब्येत कशी आहे? तिकडे मद्रासकडे समुद्राची हवा दमट असते म्हणतात, खोकल्याची सवय आहे तुम्हाला. दिवाळीला तुम्ही सांगत होता की नळी जमिनीला बांधून पेटवतात तेव्हा तुम्ही अगदी जवळच्या भिंतीआड उभे राहता, आणि नीट दिसावं म्हणून डोकं बाहेर काढता. अजून तसंच करता का? तेवढं कळवा.

तुमची,
चांगुणावहिनी


केडगाव
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

चि. मच्छिंद्र भाऊजी,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. पोटात ठेवली तर ती मला जेवू देत नाही.

साहेबांचा दुसरा घाव नारळावर नीट बसला नव्हता. नारळ फुटला खरा, पण हातोडा निसटून नळीवर आला. टाळ्यांच्या आवाजात कुणाला कळलं नाही. मला कळलं ते माझ्या बोटांमुळे. नळी रंगवायची म्हणून संध्याकाळी मीच तिच्यावरचं हळदकुंकू ओल्या फडक्यानं पुसत होते, आणि कृपादानच्या सांध्याच्या अगदी लगत बोट खाली गेलं. चिंचोका बसेल एवढा खोलगट पोचा. भाकरी थापणाऱ्या बाईच्या बोटांना जाडी-बारीकी कळते, यात काही मोठेपणा नाही.

मी दादांना हात धरून नेलं आणि दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं, परत फिरवलं. मग म्हणाले, “कुनाला बोलू नको.” त्यांनी साहेबांना वरच्या खोलीतून बोलावलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघे समोरासमोर बसले होते आणि दोघेही जमिनीकडे बघत होते. साहेब सांगत होते, “पुन्हा तपासणी करायची तर कारण लिहावं लागेल. काय लिहू? शिक्का मारल्यावर मी स्वतःच हातोडा मारला? पाडव्यानंतर दिल्लीची माणसं चाचणी बघायला येणार आहेत. तारीख हलायची नाही.”

दादा म्हणाले, “तुमी लिव्हलंत तर माझी रीत बुडवंल मला. लोक म्हनतील, अग्निबानावर नारळ फोडनारा अडाणी.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं दोघांचं झालं होतं. शेवटी ठरलं की पोचा लांबीच्या लगद्यानं भरायचा, घासायचा आणि वर चंदेरी रंग द्यायचा. साहेब म्हणाले, “तिथे पोचल्यावर पुन्हा एकदा पाण्याची तपासणी होतेच. काही असलं तर तिथे दिसेल.” हे ऐकून दादांना इतका धीर आला की त्यांनी चहा बशीत ओतून घेतला. मी मात्र विचारात पडले. इथला म्हणतो तिथे बघतील, आणि तिथला म्हणेल इथे बघितलंच आहे, शिक्का आहे.

साहेब गेल्यावर मी दादांशी भांडले. लग्नानंतर एवढी कधीच भांडले नव्हते. म्हटलं, तिथे तुमचा भाऊ त्या नळीशेजारी उभा असतो. ते म्हणाले, “म्हनूनच तर! त्यो हाय तिथं. त्यानं आमचा चांगला माल नापास केला हुता, ह्यो सोडंल व्हय? त्याच्या नजरंतून काय सुटत न्हाई.” भाऊजी, ज्या नजरेवर ते दोन वर्षं रुसले, त्याच नजरेच्या भरवशावर ते आता बिनघोर झोपतात.

मला साधी, उघड भीती वाटते आहे. सांधा त्याचाच, त्यामुळे पोचा कृपादानच्याही बोटाला लागला होता. तो म्हणाला, “वयनी, कढई फुटली तर रस सांडतो. ही फुटली तर काय सांडंल ते इचारू नका.” त्यानं पुन्हा तपासणीचा हट्ट धरला, म्हणून दादांनी त्याला सुट्टीवर घरी पाठवलं.

तुम्ही फक्त एवढं करा. नळी आली की सांध्यालगतचा रंग खरवडून बघा आणि पाण्याचा दाब द्या. टिकली तर माझ्या नावानं हसा. नाही टिकली तर दादांचं नाव जाईल, कारखाना जाईल, जाऊ दे. या शेडवर कितीतरी घरं जगतात हे मला कळतं. तरी जाऊ दे.

उत्तर कृपा करून पाठवा. नुसतं ‘मिळालं’ एवढं लिहिलं तरी चालेल.

चांगुणावहिनी


केडगाव
रंगपंचमी

भाऊजी,

नळी आज गेली.

ट्रकला आंब्याचे डहाळे बांधले होते. नळी गोधड्यांत गुंडाळून वर चढवली, लेकीची पाठवणी असावी तसे कामगार मागून चालत गेले. मढीच्या यात्रेचे लोक रस्त्यानं जात होते, त्यांनाही वाटलं देवाचं काहीतरी आहे. एका म्हातारीनं थांबून हात जोडले. मी दारात उभी राहिले, ओवाळायला पुढे झाले नाही. दादांनी माझ्याकडे एकदाच बघितलं.

मी कारखान्याच्या कारकुनाला तुमच्या कचेरीत ट्रंककॉल लावायला लावला होता. कानिफनाथ इंजिनिअरिंगमधून बोलतो म्हटल्यावर तिकडच्या माणसानं तुम्हाला बोलावलंच नाही, मोहोळकर साहेबांकडे जोडून दिलं. साहेबांचा आवाज ऐकून मी फोन ठेवून दिला. मग तार केली: NALI TAPASA VAHINI. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिताना तारबाबू माझ्याकडे बघत राहिला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी त्यानं कारखान्याचं नाव घातलं. त्याचंही उत्तर नाही.

तुम्ही इतके दगड नव्हता. तुम्ही पायाला काटा लागला तरी सांगायला यायचात. ज्या पोरानं मला माहेरची आठवण येते म्हणून पारनेरपर्यंत सायकल मारून माझ्या आईचं लोणचं आणलं, तो पोरगा पत्राला उत्तर देत नाही, हे माझ्या मनाला पटत नाही. म्हणून कधीकधी वाटतं, पत्रं पोचतच नसतील. मग ती जातात कुठे? कुणाच्या तरी हातात तर पडत असतील.

मोहोळकर साहेबांनी नवी खबर दिली आहे. सरकार आपल्याला पुण्याच्या रस्त्याला लागून जमीन देणार, तिथे मोठी शेड होणार, वर्षाला अशा कितीतरी नळ्या. दादा दिवसभर काठीनं मातीत शेडचा नकाशा काढतात. परवा म्हणाले, “सरकार म्हंजी गिऱ्हाईक न्हाई, सोयरा हाय आता.” मी म्हटलं, सोयऱ्याला खरं सांगता येत नसेल तर कसली सोयरीक? त्यांनी काठी टाकली आणि आत निघून गेले.

चाचणी पाडव्यानंतरच्या सोमवारी आहे, एवढं मला कळलं आहे. त्या दिवशी आजारी पडा. खोटं बोला. मी लहानपणी तुम्हाला खोटं बोलल्याबद्दल मारलं होतं, ते सगळं मागे घेते. भिंतीआडून डोकं काढू नका. त्याहून चांगलं म्हणजे त्या भिंतीपाशी जाऊच नका.

चांगुणा


केडगाव
गुढीपाडवा

मोहोळकर साहेबांस,

हे पत्र मी मुद्दाम कारखान्याच्याच पाकिटातून पाठवते आहे, म्हणजे ते नक्की तुमच्या हातात पडेल.

काल तुम्ही आमच्या ओसरीवर बसलात, चहा घेतलात आणि पिशवीतून माझी चारही पत्रं आणि ती तार काढून चौरंगावर ठेवलीत. एकावर एक, कडा जुळवून, जशा तुम्ही चपला ठेवता तशी. सगळी फोडलेली. तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की पुरवठादाराच्या नावानं आलेलं कुठलंही टपाल ज्याच्याकडे त्या पुरवठादाराचं काम असतं त्याच्याकडे जातं, तसा नियमच आहे, आणि आमचं काम तुमच्याकडे आहे. “वहिनी, तुमच्या दिरांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना त्रास नको, तुम्हालाही नको.” मला तुम्ही वहिनी म्हणालात. तो शब्द तुम्ही माझ्या पत्रांतूनच उचललात.

आमचे हे त्या पत्रांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. त्याऐवजी त्यांनी तुम्हाला विचारलं, “तिथं पान्याची तपासनी झाली न्हवं?”

त्यावर तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेल. नसेल तर मी आठवण देते. तुम्ही म्हणालात, “तपासणी तुमच्या भावाकडेच होती. त्यांनी गरज नाही म्हणून सही दिली. मी विचारलं तर म्हणाले, दादाच्या हातचं काम आहे, एकदा नापास करून चुकलो, आता पुन्हा त्याच्यावर संशय घेणार नाही.” हे तुम्ही आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलंत. तुमच्या चेहऱ्यावर हसू होतं.

साहेब, या दोन भावांच्या भांडणाला तुम्ही ओळखत नाही. आमच्याकडे भाऊ भावाची माफी तोंडानं मागत नाही. शेताचा बांध सोडून देतो, नाहीतर भरल्या ताटावर न बोलता येऊन बसतो. मच्छिंद्रनं ती सही करून माफी मागितली. आणि आमचे हे तो पकडेल या भरवशावर गप्प बसले होते. तुम्हाला मात्र दोन्हीकडचं माहीत होतं. पोचा तुमच्या हातून पडला होता, माझी पत्रं तुम्ही वाचली होती, आणि सही करताना तुम्ही त्याच्यासमोर उभे होता. एक शब्द बोलला असतात तर पुरे झाला असता.

तुम्ही गेल्यावर हे उठले ते थेट शेडमध्ये गेले. मी मागोमाग गेले. जिथे नळी ठेवलेली असायची त्या मोकळ्या जागेपाशी ते उभे होते. मला म्हणाले, “चांगुणे, त्यानं माझ्यावर इस्वास टाकला गं.” मग माणूस आतून फाटल्यासारखा रडला. मामंजी गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, तार करा. ते म्हणाले, “तार साहेबाच्या टेबलावर जाईल. मानूसच गेला पायजे.” दोन वर्षं ज्याचं तोंड बघणार नाही म्हणत होते, त्याच्याकडे जायला त्यांनी सदरा बदलायलाही वेळ लावला नाही. मी शिदोरी बांधेपर्यंत त्यांनी तो नारळाचा हातोडा पिशवीत घातला. दौंडला मद्रासची गाडी धरतो म्हणाले. सुट्टीवरचा कृपादान कसा कोण जाणे, फाट्यावर उभा होता. तोही बरोबर गेला आहे.

ते काय करणार आहेत ते तुम्हाला आधीच सांगून ठेवते, कारण आता लपवायला माझ्याकडे काही उरलं नाही. दिल्लीच्या माणसांसमोर ते नळीवर हातोडा वाजवणार आहेत आणि सांगणार आहेत की हिच्यावर नारळ आम्ही फोडायला लावला, पोचा आम्ही लपवला, ही पेटवू नका. तुमचं नाव घेणार नाहीत. तसा शब्द त्यांनी मला दिला आहे. त्यांचं म्हणणं, हात सरकारचा होता, पण भांडं आपलं. जमीन गेली, ऑर्डर गेली, शेडला कुलूप लागलं तरी चालेल म्हणाले. आणि कुणी ऐकलंच नाही, तुम्ही त्यांना फाटकावरच अडवलंत, तारीख मोठी ठरली, तर ते काय करतील तेही सांगितलं. “मंग मी नळीपाशी जाऊन हुभा ऱ्हाईन. माझा माल हाय. पेटवा म्हनावं.”

म्हणजे साहेब, सोमवारी त्या भिंतीपाशी माझ्या घरची दोन माणसं असणार, आणि तुमच्याकडे एक तोंड. गाडी आधी पोचते की हे पत्र, मला माहीत नाही. गाडी उशिरा पोचली आणि हे पत्र आधी तुमच्या हातात पडलं, तर उठा. शेवटपर्यंत वाचत बसू नका. आत्ता उठा आणि मच्छिंद्रला सांगा.

अजून वाचत असाल तर एवढंच. त्या दिवशी तुमच्या नारळाची वाटी राहिली होती, ती मी देव्हाऱ्यामागे ठेवली होती. आज गुढी उभारताना बघितली, आतून काळी पडली आहे, वास येतो. तरी टाकलेली नाही, ती तुमची आहे. दोघे भाऊ हसत-भांडत माझ्या दारात आले तर मी ती ओढ्यात सोडून देईन आणि तुमचं नाव पुन्हा घेणार नाही. नाही आले तर मी स्वतः ती घेऊन तुमच्या कचेरीत येईन. मला फाटकावर कुणी अडवणार नाही, साहेब. तोवर मी कुठल्याच पुरवठादाराची कोणी नसेन. सगळ्यांसमोर तुमच्या हातात ती वाटी ठेवीन, आणि तुम्ही ती माझ्या डोळ्यांदेखत खायची.

चांगुणा गोरक्षनाथ कराळे